रात्रपाळीत तोंड उघडायचं कसं?

प्रश्न : बीएस्सी नर्सिंग होऊन राजापेठेतल्या खासगी दवाखान्यात लागले. रात्री वॉर्ड माझ्यावर असतो, पण डॉक्टरांना फोन करताना शब्द फुटत नाहीत. इन्चार्ज होणं मला जमेल का?
– एक परिचारिका, अमरावती

उत्तर : ताई, रात्री वॉर्ड सांभाळता म्हणजे पुढारपण सुरू झालंच आहे. फोनची मात्र तयारी हवी. 'कसंतरीच होऊन रायलं वो सिस्टर,' असं आजी म्हणाल्या, की आधी बीपी, नाडी, लघवीचं माप घ्या. मग सांगा : 'बेड ४. काल पोटाचं ऑपरेशन. बीपी १२०वरून ९०वर, नाडी ११८. आतून रक्तस्राव होतोय अशी मला शंका आहे. आपण लगेच येऊन पाहावं.' नवख्या मुली आकडे सांगतात आणि थांबतात. शेवटची दोन वाक्यं गिळतात. तुमचं शिक्षण त्याच वाक्यांत आहे, ती गिळू नका! फोनची वेळ आणि मिळालेली ऑर्डर लगेच नोंदवा.

नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलं, की एकाच प्रकारच्या कामात सक्षम व्हायला परिचारिकेला दोन-तीन वर्षं लागतात. तेवढा अवधी स्वतःला द्या. तोवर पाळी बदलताना जुन्या सिस्टरना विचारत राहा : 'तुम्ही असत्या तर आधी काय पाहिलं असतं?'