हायड्रोजन मोजायचाय? आधी सिलिंडर बदला

बहुतेक प्रयोगशाळांत गॅस क्रोमॅटोग्राफला हेलियमचा सिलिंडर कायमचा जोडलेला असतो. एरवी तो उत्तम चालतो. हायड्रोजनपाशी येऊन मात्र अडतो. पुढची कृती किण्वनाच्या बाटलीत जमलेला वायू तपासणाऱ्यांसाठी आहे. त्यात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, थोडाफार नायट्रोजन आणि क्वचित मिथेन असतो.

आधी डिटेक्टर पाहा. एफआयडी इथे कामाचा नाही, कारण त्याची ज्योतच हायड्रोजनवर जळते. टीसीडी हवा. तापलेल्या फिलामेंटवरून जाणारा वायू किती उष्णता ओढून नेतो, यातला फरक टीसीडी टिपतो. म्हणून वाहक वायू आणि हायड्रोजन यांच्या उष्णतावाहकतेत जितकी तफावत, तितकं पीक मोठं. खोलीच्या तापमानाला, मिलीवॅट प्रति मीटर केल्विन या एककात, हायड्रोजनची वाहकता सुमारे 180, हेलियमची 150, नायट्रोजनची 26 आणि आर्गॉनची 18. निम्मा निर्णय या चार आकड्यांतच झाला.

हेलियममध्ये तफावत कमी, एवढंच दुखणं असतं तर नमुना वाढवून भागलं असतं. पण हेलियममध्ये थोडासा हायड्रोजन मिसळला की मिश्रणाची वाहकता वाढण्याऐवजी आधी किंचित उतरते आणि प्रमाण बरंच वाढल्यावर मग चढते. त्यामुळे कमी हायड्रोजनचं पीक इतर वायूंसारखं सरळ येतं; जास्त हायड्रोजन असेल तर त्याच पिकाच्या माथ्यावर खळगा पडतो, आणखी वाढवला तर मधला भाग बेसलाइनच्याही खाली जातो. इंग्रजी ‘एम’सारखं दिसणारं हे पीक सॉफ्टवेअर दोन पिकं म्हणून मोजतं आणि बिनदिक्कत दोन क्षेत्रफळं छापून देतं. कॉलम बिघडला असं समजून तो बदलू नका.

आता नायट्रोजन की आर्गॉन? फक्त हायड्रोजनचाच आकडा हवा असेल तर नायट्रोजन घ्या; स्वस्त आणि कुठेही मिळणारा. मी मात्र आर्गॉन सुचवेन. वाहक नायट्रोजन असला की नमुन्यातला नायट्रोजन दिसेनासा होतो आणि सिरिंजमधून हवा शिरली की नाही हे कळण्याची मुख्य खूणच जाते. आर्गॉनवर ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही दिसतात, लहान का होईना. कार्बन डायऑक्साइडची वाहकता मात्र आर्गॉनच्या इतकी जवळ आहे की त्याचं पीक जवळजवळ येतच नाही. तो हेलियमवर वेगळा मोजा. शंभरातून बाकीचे वजा करून काढू नका.

वायू 99.999 टक्के शुद्धतेचा घ्या आणि वाटेत ओलावा व ऑक्सिजन शोषणारे ट्रॅप लावा. सिलिंडर बदलताना फिलामेंट बंद ठेवा. नवीन वायू पुरेसा वेळ वाहू द्या, सांध्यांची गळती तपासा आणि मगच फिलामेंट सुरू करा. इथे सगळ्यात महाग पडणारी चूक होते. आर्गॉन उष्णता कमी नेतो, त्यामुळे हेलियमसाठी लावलेल्या विद्युतप्रवाहावर फिलामेंट भलतंच तापतं आणि जळूही शकतं. उपकरणाच्या पुस्तिकेतला आर्गॉनचा तक्ता उघडा आणि प्रवाह त्याप्रमाणे उतरवा. संवेदनक्षमता थोडी कमी झाली तरी चालेल.

कॉलम मॉलिक्युलर सीव्ह 5ए, ओव्हन 40 ते 60 अंश सेल्सिअस. हायड्रोजन सर्वात आधी बाहेर पडतो, मागून ऑक्सिजन, नायट्रोजन, मिथेन. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या कॉलममध्ये अडकून बसतात आणि हळूहळू पिकं एकमेकांवर चढू लागतात. तसं दिसलं की पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत राहून, वाहक वायू चालू ठेवून कॉलम भाजून घ्या.

पहिलं इंजेक्शन प्रमाणित मिश्रणाचं द्या. हायड्रोजनचं पीक उलटं, खाली आलं तर घाबरू नका. हेलियमच्या मानाने इथे दिशा बदलते. सेटिंगमध्ये पोलॅरिटी उलटवा. मग नमुन्यात अपेक्षित असलेल्या प्रमाणाच्या खालचे-वरचे किमान तीन-चार बिंदू घेऊन आलेख काढा. जास्त प्रमाणात तो वाकतो, म्हणून एकाच बिंदूवरून गुणोत्तर मांडू नका.

नमुना गॅसबंद सिरिंजने किंवा सॅम्पलिंग व्हॉल्व्हच्या लूपने द्या आणि लगेच द्या. हायड्रोजन रबरी नळीतून आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून निसटतो. सकाळी भरलेली पिशवी संध्याकाळी तपासली तर आकडा कमीच येणार. ऑक्सिजनचं पीक दिसलं की सुईची टोपी आणि सेप्टम आधी पाहा. हायड्रोजनचं हवेतलं प्रमाण 4 टक्क्यांवर गेलं की ते मिश्रण पेटू शकतं, म्हणून उरलेला नमुना हूडमध्येच सोडा.

काम संपल्यावर फिलामेंट आधी बंद करा, डिटेक्टर निवू द्या आणि आर्गॉन सगळ्यात शेवटी बंद करा.