शेतमजुरीचा बदललेला कायदा आणि जादा कामाचा मोबदला

सुगीच्या दिवसांत आभाळ भरून आले की मळणी अंधार पडेपर्यंत चालते, आणि हिशेबाच्या वेळी शेतकरी व मजूर यांच्यात तंटा उत्पन्न होतो. या तंट्याचे मूळ पुष्कळदा कायद्याच्या अज्ञानात असते.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या अनुसूचीत शेतीकामाचा समावेश होता. केंद्राच्या १९५० च्या नियमांनुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम झाल्यास इतर अनुसूचित धंद्यांत दुप्पट, परंतु शेतीत दीडपट मजुरी देय होती.

पुढे शासनाचे धोरण पालटले. संसदेने २०१९ साली संमत केलेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व जुना अधिनियम रद्द झाला. शेतीसाठी वेगळा, कमी दर संहितेत नाही. नेमलेल्या तासांपलीकडील प्रत्येक तासाला नेहमीच्या दराच्या निदान दुप्पट मजुरी द्यावयाची आहे. जुन्या अधिसूचना मात्र संहितेशी विसंगत नसतील तेथवर चालू राहतात.

उदाहरणादाखल, ८ तासांची मजुरी ४०० रुपये धरली, तर तासाला ५० रुपये पडतात. दोन तास जादा कामाचे दीडपटीने १५० रुपये झाले असते. दुपटीने २०० रुपये होतात. सारख्या कामास स्त्री व पुरुष यांना सारखाच दर द्यावा लागतो.

मागणी अर्जाची मुदतही वाढली आहे. पूर्वी ती सहा महिने होती, आता तीन वर्षे आहे. मजुरी दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. शेतीकामास पाचांहून अधिक माणसे न लावणाऱ्यास नोंदवह्या ठेवण्याची सक्ती नाही; तरीही निरीक्षकाने मागितल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवावा लागतो.

यास्तव लहान शेतकऱ्यानेही साधी वही ठेवावी. तीत तारीख, नाव, कामाचे तास, जादा तास व दिलेली रक्कम लिहून मजुराची सही किंवा अंगठा घ्यावा. ग्रामसेवकांनी चालू दर कामगार कार्यालयातून मिळवून सुगीपूर्वी चावडीवर लावावेत आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवावेत. दर आधी ठाऊक असला म्हणजे घामाचे दाम बुडत नाही आणि शेतकऱ्यावरही नाहक आळ येत नाही.