दिवाळं निघाल्यावर काय उरतं?



आजचं चिंतन तुकोबांच्या गाथेतल्या आत्मचरित्रपर अभंगांवर. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्नावाचून गेली, लोकांत यायची लाज वाटू लागली, हे महाराज स्वतःच सांगतात. देहूच्या महाजनाच्या घरातल्या माणसाचं दिवाळं निघालं होतं.

हे वाचताना मला बाबा दिसतात. दुकान बुडालं तेव्हा दारावरची बेल वाजली की ते आतल्या खोलीत जायचे. पुढे 1920 च्या कायद्याखाली कोर्टाने त्यांना दिवाळखोर ठरवलं. मला वाटलं, संपलं सगळं. पण वकीलकाकांनी समजावलं, हा शेवट नाही. मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते. तो ती विकून ज्यांचं देणं आहे त्यांना हिश्शाने वाटतो. नेसते कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी मात्र घेत नाहीत. मग मुक्ततेचा अर्ज करायचा. कोर्ट वागणूक बघतं: हिशेब ठेवले होते का, काही लपवलं का? मुक्तता मिळाली की जुनी बहुतेक देणी सुटतात. फसवणुकीचं देणं सुटत नाही.

म्हणजे कायदासुद्धा शेवटी विचारतो, माणूस खरा होता का?

तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मी तिचा अर्थ सोयीने लावायचो: देणं विसरा, हरिनाम घ्या. पण नीट बघा. ती खतं लोकांकडून *येणं* असलेल्या पैशांची होती. चरित्रकार सांगतात, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी त्याला दिली आणि फक्त आपली बुडवली. दुसऱ्याच्या हक्कावर उदार झाले नाहीत. स्वतः दिवाळं सोसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दारात वसुलीला उभं राहवेना, असं मला वाटतं.

माझा एक मित्र वर्षभर माझा फोन उचलत नाहीये. पंधरा हजार द्यायचेत त्याने. नोकरी गेली त्याची. परवा मला एकदम कळलं, तोही आतल्या खोलीत बसलाय. काल मेसेज टाकला, "पैशांचं सोड, चहाला ये." रात्री उशिरा रिप्लाय आला, "येतो."

आजचा संकल्प: आपलं देणं असेल तर तोंड लपवू नका, आज एक फोन करा. येणं असेल आणि झेपत असेल, तर एक खत बुडवा.

राम कृष्ण हरी 🙏