टिश्यू कल्चरची जात चांगली का हो?



जांब्याच्या शिवारात बेण्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. टिश्यू कल्चर ही उसाची जात नव्हे, रोप तयार करण्याची पद्धत होय. तिच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पैसे आपलेच जातात.

पहिली वाट स्वच्छ बेण्याची. मोझॅक रोग कांडीवाटे पुढच्या लागणीत उतरतो. उष्णबाष्प प्रक्रियेने गवताळ वाढ आटोक्यात येते, मोझॅकला मात्र ती पुरी पडत नाही. पण शेंड्याच्या अगदी टोकाशी विषाणू सहसा पोचत नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हेच टोक काचनळीत वाढवून मोझॅकमुक्त ऊस तयार केला व १९७५ साली ते प्रसिद्ध केले. यात वाण बदलत नाही. को ८६०३२ चे रोप को ८६०३२ च राहते.

दुसरी वाट नव्या वाणाची. कोवळ्या पानाच्या तुकड्यापासून आधी पेशींचा गोळा वाढवतात, मग त्यातून रोपे फुटवतात. त्यातली काही मूळ उसाहून निराळी निघतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा व्हीएसआय ४३४ हा को.सी. ६७१ पासून असाच मिळाला. पण निराळे ते चांगलेच असे नाही. बरीच रोपे बाद होतात, आणि निवड शेवटी शेतातच करावी लागते.

आपल्या मुळशीच्या भाताचेही तेच. परागकोशापासून भाताची रोपे जपानात १९६८ साली निघाली. एरवी शुद्ध वाणाला सहा-सात पिढ्या लागतात, इथे एकीतच काम होते. पण आपल्याकडचा इंडिका भात हट्टी, पांढरीफटक रोपेच फार देतो. नळीतल्या खाद्यात साखरेऐवजी माल्टोज घातले तर हिरवी रोपे वाढतात. साखर कारखान्याच्या अंकात हे छापणे जिवावर येते, पण खरे आहे!

आमचीही एकदा फसगत झाली. रोपे लावली, फुटवे भरपूर आले, ऊस मात्र बारीक. आम्ही रोपांना नावे ठेवली. चूक आमचीच होती. पहिल्या पिढीत असे होतेच, कांडीची जाडी पुढच्या पिढीत सुधारते. म्हणून ही रोपे गाळपासाठी नव्हे, बेणेमळ्यात लावायची, आणि नऊ-दहा महिन्यांचे बेणे तोडून पुढची लागण करायची. मावा मोझॅक पुन्हा आणतो, तेव्हा पानांवर फिकट चट्टे दिसले की ते बेट त्याच दिवशी मुळासकट उपटून टाकावे.