दुपारची झोप, बेताची

निवृत्त झाल्यावर दुपारची झोप म्हणजे आपला हक्कच, अशा थाटात मी जेवलो की पलंगावर आडवा व्हायचो. खिडकीचे पडदे ओढलेले, पंखा पाचवर. उठायला साडेचार व्हायचे. डोकं जड, तोंडाला चव नाही, आणि समोरचा चहा सकाळचा की संध्याकाळचा हेही क्षणभर उमगायचं नाही. एकदा त्याच गुंगीत रात्रीची रक्तदाबाची गोळी चहाबरोबर घेऊन टाकली. रात्री पुन्हा घेणार, तोच बायकोने पाकीट पुढे केलं. आजचा कप्पा रिकामा होता.

झोपेला साधारण अर्ध्या तासानंतर खोली येते. तिथून कुणी उठवलं की गुंगी लवकर उतरत नाही. म्हणून वीस मिनिटं पुरे. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना विमानातच आळीपाळीने चाळीस मिनिटं विश्रांती देऊन पाहिली. त्यांना सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि पुढे ते अधिक सावध राहिले.

आता मी पलंगाकडे फिरकत नाही. हॉलमध्ये चटई, डोळ्यांवर पंचा, डावी कूस. गजर लावलेला फोन मुद्दाम स्वयंपाकघरात, म्हणजे बंद करायला उठावंच लागतं. आडवं होण्याआधी अर्धा कप चहा घेतो. लोक हसतात, पण चहाची तरतरी यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच, तोवर डुलकी उरकते. झोप लागलीच नाही तरी चिडू नये; नुसतं पडून राहिल्यानेही बरं वाटतं. तीननंतर मात्र आडवं होऊ नका, रात्र हातची जाते.

आयुर्वेदाने दिवसाची झोप एरवी वर्ज्य सांगितली आहे, पण उन्हाळ्यात रात्री लहान म्हणून मुभा दिली आहे. मे महिन्यात मी ती आनंदाने घेतो. रात्रपाळी करून आलेल्याला वीस मिनिटांचा नियम लावू नये, त्याला भरपूर झोपू द्यावं. ज्यांना मुळात रात्री झोप लागत नाही, त्यांनी दुपारी अजिबात टेकू नये. आणि रात्रभर झोपूनही दिवसा पेंग येत असेल, घरचे घोरण्याची तक्रार करत असतील, तर गजर-बिजर बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. झोपेत श्वास अडकत असेल तर त्यावर उपचार आहेत, आणि गाडी चालवणाऱ्याने तर ही तपासणी लांबवूच नये.