मोठे, पण कोणापेक्षा?

"आमचं वावर मोठं आहे," असे आपण पारावर बसून सहज म्हणतो. ऐकणारा लगेच विचारतो, "कोणापेक्षा मोठं?" मग आपण हात करून दाखवतो. कागदावर लिहिलेले वाचणाऱ्याला असे विचारता येत नाही. म्हणून लिहिताना ते आपणच सांगायचे.

समजा, तिघा भावांनी वाटणीचा कागद केला. त्यात एवढेच लिहिले : "मोठे वावर थोरल्याचे." वावरे तीन. माळाचे लांब आहे, विहिरीजवळचे रुंद आहे. आज तिघांनाही ठाऊक आहे की कोणते म्हटले. पण पुढे त्यांची मुले तो कागद वाचतील, तेव्हा काय? कोर्टाची पायरी! त्यापेक्षा लिहावे : "तिन्ही वावरांत क्षेत्राने सर्वांत मोठे." गट नंबर घातला तर उत्तमच. तो सातबाऱ्यावर असतो.

दोघांची तुलना असली की 'पेक्षा' किंवा 'हून' लावतात. तो आधीच्या शब्दाला जोडून लिहावा : घोड्यापेक्षा, विहिरीपेक्षा, माझ्याहून. काही गावांत 'माझ्यापरीस' म्हणतात. बोलताना ते गोड लागते. अर्जात मात्र 'माझ्यापेक्षा' लिहावे.

आता हे वाक्य पाहा : "आमच्या विहिरीचे पाणी पाटलांपेक्षा गोड आहे." म्हणजे पाटील कमी गोड? आपण हसतो, पण अशी वाक्ये आम्हीही लिहिली आहेत. पाण्याची तुलना पाण्याशी करावी : "पाटलांच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा गोड."

'सर्वांत' लिहिले, की कोणांत तेही लिहावे. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे. ते महाराष्ट्रात सर्वांत उंच. पण "सह्याद्रीत सर्वांत उंच" असे लिहिले तर चुकेल. हीच डोंगररांग खाली केरळात जाते. तिथले अनाईमुडी शिखर २६९५ मीटर आहे.

शाळेतली मुले इंग्रजीत 'टॉल, टॉलर, टॉलेस्ट' घोकतात. तिकडे शब्दच बदलतो. आपला 'उंच' तसाच राहतो. पण 'टॉलर'पुढे 'दॅन' लिहून कोणापेक्षा ते त्यांनाही सांगावे लागते.

आता वही घ्या. आपल्या गोठ्यातल्या जनावरांविषयी चार वाक्ये लिहा : कोण कोणाहून वयाने मोठे, कोण सर्वांत दुधाळ. मग ज्याने आपला गोठा पाहिलेला नाही, अशा कोणाला तरी ती वाचायला द्या. तो कुठे अडतो ते पाहा आणि तेवढे वाक्य पुन्हा लिहा.