मूळ निर्देशिका आणि प्रवेशाची अनुज्ञा
समजा, बेंगळुरूतील एका शाळेने निकालाच्या आदल्या दिवशी संकेतस्थळाची मूळ निर्देशिका बदलून ती एका खात्याच्या घर-निर्देशिकेत नेली. तोच पडद्यावर ‘४०३’, म्हणजे ‘प्रवेश निषिद्ध’, असे उत्तर उमटले. असे का व्हावे? माजघरात जाण्यास दिंडी, चौक व ओसरी ओलांडावी लागते. त्याचप्रमाणे फाइलीपर्यंतच्या प्रत्येक निर्देशिकेत सर्व्हरला प्रवेशाची अनुज्ञा हवी. उबुंटू प्रणालीत २०२१ पासून नव्या खात्याची घर-निर्देशिका इतरांस बंद असते. म्हणून मुळापासून एकेक पायरी तपासावी. अडेल तेथे केवळ प्रवेशाची व फाइलीस वाचनाची अनुज्ञा द्यावी. अपाचेच्या रचना-फाइलीतही नव्या निर्देशिकेस परवानगी नोंदवावी. उतावीळपणे ‘७७७’ मात्र देऊ नये. त्याने त्या यंत्रावरील कोणासही निकाल बदलण्याची मुभा मिळते.